भाषण सुधारता सुधारता शिट्टी कुठे गेली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका आगारातले ४९ वर्षांचे एसटी वाहक लिहितात की ज्या चालकाबरोबर त्यांनी सलग नऊ वर्षं डोंगरातल्या एका गावाची मुक्कामी गाडी केली, ते अण्णा येत्या ३१ तारखेला वयाची ५८ वर्षं पूर्ण करून निवृत्त होत आहेत. निरोप समारंभात सहकाऱ्यांच्या वतीने बोलायचं काम यांच्याकडे आलं आहे. वेळ दहा मिनिटं. आजवर कधी माइक हातात घेतलेला नाही. त्यांनी वहीत चौदा पानं लिहिली. मग मुलीने भाषा शुद्ध केली, गावातल्या गुरुजींनी सुविचार आणि एसटीचा इतिहास घातला, युनियनमधल्या मित्राने चार शेर दिले आणि शेवटी भाच्याने मोबाईलवरच्या एआयकडून सगळं नीटनेटकं करून घेतलं. आता हातात सहावा मसुदा आहे. “सगळे म्हणतात झकास झालंय. पण मी वाचायला घेतलं की वाटतं, दुसऱ्याच कुणाचा तरी सत्कार चाललाय. आठवडा झाला, पाठ होत नाही. भाषण आपलं कामच नव्हे असं वाटायला लागलंय. दुसऱ्या कुणाचं नाव सुचवू का? की कागदावरून वाचून मोकळा होऊ?” त्यांचा आणखी एक प्रश्न आहे. वहिनींच्या मोठ्या आजारपणात एकदा मुक्कामाच्या रात्री अण्णा गाडीतच बसून रडले होते. तो प्रसंग सांगितला तर सभागृहात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मुलगी म्हणते. सांगावा का?

उत्तर:

दादा, नमस्कार.

वहीच्या चौदा पानांचे फोटो आणि सहाव्या मसुद्याची प्रिंट, दोन्ही पाठवलंत ते फार बरं केलंत. मी आधी प्रिंट वाचली. स्वच्छ मराठी आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मग वहीचे फोटो उघडले आणि नवव्या पानावर थांबले. तिथे तुम्ही लिहिलंय:

“मुक्कामाच्या गावात गाडी वळवायला जागा न्हाई. देवळापास्नं मागं घ्यावी लागती. एका अंगाला ओढा. मी खाली उतरून शिट्टी मारायचो. पहिलं दोन म्हैनं अण्णा आरशात बघायचं. मग बघायचं बंद केलं. मी म्हनलं, अण्णा, आरसा बघा की. तर म्हनलं, तुझी शिट्टी हाय की, आरसा कशाला.”

हे मी तीनदा वाचलं. मग प्रिंटमध्ये ते कुठे आहे ते शोधू लागले. पाचव्या परिच्छेदात सापडलं: “चालक व वाहक या नात्याने आम्हा उभयतांमध्ये परस्पर विश्वासाचे अतूट बंध निर्माण झाले होते.”

शिट्टी गेली. ओढा गेला, देऊळ गेलं, अण्णांचं बोलणं गेलं. राहिलेलं वाक्य कुठल्याही खात्यातल्या कुठल्याही दोन माणसांबद्दल म्हणता येईल. ते तुम्हाला पाठ होत नाही, कारण त्यात आठवावं असं काही उरलेलंच नाही. तुमच्या पाठांतरात खोट नाही. त्या मार्गावरचा एकेक थांबा आणि टप्प्याटप्प्याचं भाडं तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असेल.

तेव्हा नाव दुसऱ्या कुणाचं सुचवू नका. आणि सहावा मसुदा वाचूनही दाखवू नका. वही परत घ्या. अजून दिवस आहेत, तेवढे पुरतात.

मुलीवर, गुरुजींवर, मित्रावर रागावू मात्र नका. त्यांनी जे केलं ते मायेपोटी केलं. अडचण आहे ती आपण सगळेच धरून चालतो त्या एका समजुतीची. भाषण सुधारायचं म्हणजे ते आपल्या रोजच्या बोलण्यापासून जितकं दूर नेता येईल तितकं न्यायचं, असं आपल्याला वाटतं. ‘म्हणाले’चं ‘उद्गारले’ करायचं, ‘होतो’चं ‘उपस्थित होतो’ करायचं. माझीही तीच समजूत होती. तिची किंमत एका मुलीने भरली, ते सांगते.

मी शाळेत शिकवत होते आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची भाषणं बसवत असे. एक मुलगी होती. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ती आजीपाशी राहून शिकायची. तिने भाषणात लिहिलं होतं, “माझे आय-बाप सहा महिने कोयत्यावर असत्यात.” मी लाल पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, “माझे आईवडील ऊसतोडणी कामगार असून ते दरवर्षी हंगामी स्थलांतर करतात.” स्पर्धेच्या दिवशी ती छान बोलत होती. त्या वाक्यापाशी आली आणि अडकली. “माझे आईवडील...” म्हणाली, परत “माझे आईवडील...” आणि खाली बघत उभी राहिली. आपल्याच आईबापांबद्दलचं वाक्य तिला आठवेना, कारण ते माझं होतं. आजही कुणाचं भाषण तपासायला घेतलं की मला आधी ती दिसते. तेव्हापासून लाल पेन मी उचलते ते फक्त काढून टाकण्यासाठी. बदलून लिहायचं असेल तर ते ज्याचं त्याने लिहायचं.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. “माझा ण चा न होतो, लोक हसतील.” कोण हसेल? समोर तुमचंच आगार बसलेलं असणार. चालक, वाहक, वर्कशॉपमधली मंडळी, अण्णांचे घरचे. त्यातल्या निम्म्यांचा ण चा न होत असेल. आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात प्रतिसरकार उभं करणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभांना गावंच्या गावं लोटायची आणि ते बोलायचे आपल्या गावरान बोलीत. गाडगे महाराज कीर्तनात वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि समोरच्या माणसांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कराडच्या कॉलेजाला आज त्यांचं नाव आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बोली मुद्दाम दाखवायची नाही. काही वक्ते टाळ्यांसाठी गावरान बोलतात आणि ते लगेच कळतं. आगारप्रमुखांच्या केबिनमध्ये उभे राहून तुम्ही जसं बोलता, अदबीने पण आपल्या भाषेत, तसं बोला. अण्णांचं वाक्य मात्र अण्णा जसं बोलले तसंच येऊ द्या. “तुझी शिट्टी हाय की” याचं “तुझी शिट्टी आहे ना” करू नका. लेकीला सांगा, ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही.

आता खोडाखोडीकडे येऊ. भाषण सुधारणं म्हणजे काय ते दाखवणारा एक कागद मला फार आवडतो. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच संध्याकाळी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी दुसऱ्या दिवशीचं भाषण तोंडी सांगून टाइप करून घेतलं. पहिल्या मसुद्यात कालच्या तारखेबद्दल शब्द होते, ती ‘जगाच्या इतिहासात राहील’. रूझवेल्टनी ‘जगाच्या इतिहासात’ हे शब्द पेन्सिलने खोडले आणि हाताने लिहिलं, ती ‘कलंक म्हणून’ राहील. त्याच वाक्यात हल्ला ‘एकाच वेळी’ झाला असं होतं, तिथे ‘अचानक’ केलं. खाडाखोडीचा तो कागद अजून जपून ठेवलेला आहे. आधीचे शब्द मोठे होते, पण थंड होते. बातमी सांगणाऱ्याचे होते. नंतरचे शब्द ज्याच्या घरावर हल्ला झाला त्याचे आहेत. सगळं भाषण मिळून सात-एक मिनिटांचं. एवढ्या मोठ्या युद्धाची गोष्ट सात मिनिटांत सांगता येते, तर दहा मिनिटं अण्णांना कमी पडणार नाहीत.

तुमच्या वहीतलं नववं पान मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. सव्वा मिनिट लागलं. म्हणजे चौदा पानांना साडेसतरा मिनिटं, तीही कुठे न थांबता. प्रत्यक्षात माइक घुमतो, मधे टाळ्या पडतात, कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन समोरून जातं, तुमचाही गळा एकदा तरी दाटेल. दहा मिनिटांची वेळ असेल तर आठ मिनिटांचंच लिहायचं. म्हणजे वहीची सहा पानं, फार तर साडेसहा.

निम्म्याहून जास्त काढायचं, या विचाराने जीव तुटेल, ते मला कळतं. पण तुम्ही शेतीही करता असं लिहिलंय. ज्वारीची विरळणी करताना उपटतो ते रोप काही वाईट नसतं. तसंच हे. आणि विरळणीसारखंच आधी मोठं काढा, वाक्यांतले शब्द नंतर. बहुतेक जण उलट करतात. एकेका वाक्यातून एकेक शब्द कमी करत बसतात आणि सतरा मिनिटांचं भाषण सोळा मिनिटांवर आणून दमतात.

मोठं काय काढायचं ते सांगते. एसटीचा इतिहास आधी जाऊ द्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली हे खरं आहे, पण त्या सभागृहात ते ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही. दर १ जूनला वर्धापन दिन साजरा करणाऱ्यांना ते ऐकवून अर्धं पान कशाला घालवायचं? अण्णांच्या नेमणुकीच्या तारखा, कुठल्या कुठल्या आगारात किती वर्षं, विनाअपघात सेवेचा सत्कार, हे सूत्रसंचालक सांगेलच. त्याला आधी भेटा, तो काय काय सांगणार आहे ते विचारा आणि ते सगळं आपल्या कागदावरून काढा. शेरही काढा. शेर वाईट नाहीत, पण गेल्या वर्षीच्या प्रत्येक निरोप समारंभात ते तुम्ही स्वतः ऐकले असतील. अण्णा मुक्कामाच्या गावी देवळात भजनाला बसायचे असं अकराव्या पानावर आहे. त्यांच्या आवडीचा एखादा अभंग असेल आणि तुम्हाला येत असेल, तर त्याचा एक चरण जरूर म्हणा. तो तुम्हा दोघांचा आहे.

मान्यवरांची नावं हा नाजूक भाग. प्रिंटमध्ये चौदा नावं आहेत, हुद्द्यांसकट. वाचायला दोन मिनिटं. कुणाचं नाव राहिलं तर राग येतो हे खरं, त्यामुळे ‘नावं घेऊच नका’ असं मी सांगणार नाही. तुम्हाला उद्या त्याच आगारात ड्युटी करायची आहे. पण सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावं घेतलेली असतील. तुम्ही अध्यक्षांचं आणि आगारप्रमुखांचं नाव घ्या, मग “व्यासपीठावरचे सगळे मान्यवर”, मग अण्णा, वहिनी आणि “माझ्या चालक-वाहक बंधू-भगिनींनो”. तेवढं पुरे. ही नावं भाषणाच्या कागदावर लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ऐनवेळी अध्यक्ष बदलतात.

आता राहिले प्रसंग. मोजले तर वहीत अकरा आहेत. मी तुमच्या जागी असते तर तीन ठेवले असते. शिट्टीचा एक. दुसरा दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतला. मुलांची धावपळ होऊ नये म्हणून अण्णा त्या दिवसांत गाडी पाच मिनिटं आधीच देवळासमोर लावून बसायचे आणि ठरल्या वेळेलाच हलायचे. तिसरा चौथ्या पानावरचा, धुक्याचा:

“फुडचं काय दिसंना झालं की अण्णा गाडी हुबी करायचं. मग मी बॅटरी घिऊन फुडं चालायचो, कडंकडंनं. अण्णा माझ्या पायाकडं बघत मागनं गाडी आनायचं. आतली मान्सं झोपल्याली असायची.”

शेवटचं वाक्य किती मोलाचं आहे ते तुम्हाला लिहिताना जाणवलं का, माहीत नाही. सहाव्या मसुद्यात याचं “प्रवाशांच्या सुरक्षिततेस त्यांनी सदैव सर्वोच्च प्राधान्य दिले” असं झालंय. ‘सुरक्षितता’ हा शब्द आगाराच्या भिंतीवर लिहिलेलाच असतो. झोपलेली माणसं, पुढे बॅटरी घेऊन चालणारा वाहक आणि त्याच्या पायांवर नजर ठेवून घाटातून येणारी गाडी हे फक्त तुमच्याकडे आहे. भाच्याच्या मोबाईलला हे कळणार नाही, त्यात मोबाईलचा दोष नाही. त्याला तुमचं वाक्य दिलं तर तो वाक्य घोटून देईल. त्या रात्री धुक्यात तो नव्हता. त्याच्याकडून शब्द मोजून घ्या, वेळेचा अंदाज घ्या, तेवढं ठीक.

सुरुवात याच धुक्यापासून करा. “आज मला इथे बोलायची संधी दिल्याबद्दल” वगैरे काही नको. नावं घेऊन झाली की एक श्वास घ्या आणि थेट म्हणा, “पावसाळ्यात आमच्या घाटात पुढचं काही दिसत नाही.” पन्नास चालक समोर बसले असतील तर पन्नासही माना वर होतील.

एवढं झालं की भाषण कुणालातरी ऐकवा. ऐकवा म्हणतेय, वाचायला देऊ नका. आजवर तुम्ही कागद हातात दिलात आणि विचारलंत, “कसं झालंय?” कागद हातात आला की माणूस पेन शोधतो. माझी आई फारशी शिकलेली नव्हती. कॉलेजात असताना मी माझी भाषणं तिला म्हणून दाखवायची, ती तांदूळ निवडत असायची. ती कधी ‘छान’ म्हणाली नाही. पण मला दोन खुणा कळायला लागल्या होत्या. मधेच ती म्हणायची, “काय म्हणालीस?” तिथे वाक्य लांब झालेलं असायचं किंवा शब्द परका असायचा. आणि कधी कधी सुपातला तिचा हात थांबायचा. हात थांबला की मी पेन्सिलने समासात टिंब करायची. ते वाक्य मग काही झालं तरी काढायचं नाही.

तुम्हीही असं माणूस शोधा ज्याचे हात कामात आहेत. तुमच्या घरातून भाकरी थापताना, किंवा शेजारचा कुणी वैरण कापताना. त्याला काही विचारू नका, नुसतं बघा. लेकीची मदत घ्यायचीच असेल तर तिला एवढंच सांगा: मी म्हणून दाखवतो, तुझं लक्ष कुठे उडालं तेवढं सांग. कसं दुरुस्त करायचं ते सांगू नको. एक ऐकणारा, फार तर दोन. सहा जणांना दाखवलंत की सहा जणांचं होतं, ते तुम्ही अनुभवलंच.

स्वतः मोठ्याने म्हणताना जीभ जिथे अडखळते तिथेही खूण करा. एकदा अडखळली तर सोडून द्या. त्याच जागी दुसऱ्यांदा अडखळली तर ते वाक्य तोडा. ‘असून’, ‘ज्यामुळे’, ‘करण्यात आले’ अशा शब्दांशी बहुतेक वेळा सांधा असतो. तिथे पूर्णविराम द्या.

आता अण्णांच्या रडण्याबद्दल. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, राग मानू नका.

तो प्रसंग तुमचा नाही. अंधारात, गावापासून लांब, गाडीचे दिवे बंद करून एक माणूस रडला आणि त्याने तुमच्यापासून ते लपवलं नाही, हा त्याचा तुमच्यावरचा विश्वास होता. मुलगी म्हणते तसं लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, नक्की येईल. पण पहिल्या रांगेत वहिनी बसलेल्या असतील. त्या रात्री आपला नवरा रडला होता हे त्यांना ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर ते त्यांना दोनशे माणसांत माइकवरून कळावं का? आणि शेजारी हार घालून बसलेल्या अण्णांनी तेव्हा कुठे बघायचं?

एक वाट अशी की अण्णांना विचारा. सरळ, दोघंच असताना. ते आनंदाने हो म्हणाले तर सांगा. नुसती मान हलवली किंवा “बघ बाबा तुझं तू” म्हणाले तर ते नाही म्हणालेत असं समजा. दुसरी वाट मला जास्त पटते. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या दिवसांत तुमच्या घरातून रोज दोन भाकरी जास्तीच्या बांधून दिल्या जायच्या. तेवढंच सांगा: “एका वर्षी माझ्या डब्यात दोन भाकरी जास्त असायच्या. का, ते अण्णांना माहीत आहे.” आणि थांबा. पुढे काही समजावू नका. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना एवढं कळेल की तुम्हा दोघांत काहीतरी होतं. अण्णांची लाज राखली जाईल आणि त्यांचं मनही त्यांच्यापाशीच राहील. लग्नात, तेराव्याला, शाळेच्या निरोपाला जे कुणी बोलायला उभे राहतात त्या सगळ्यांना मी हेच विचारते: हे ऐकताना ज्याच्याबद्दल आहे तो माणूस खुर्चीत कसा बसलेला असेल?

‘वाचू की पाठ करू’ यावर तुम्ही उगाच अडकलात. दोन्हीची गरज नाही. पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य. मधलं तुम्ही जगलेलं आहे, त्याला पाठांतर कशाला? पण कागद हातात असू द्या, त्यात कमीपणा नाही. इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल मोठे वक्ते, पण लिहिलेला कागद समोर ठेवूनच बोलत. त्यांची भाषणं टाइप व्हायची ती स्तोत्रासारखी, तुटक तुटक ओळींत, म्हणजे नजर टाकली की श्वास कुठे घ्यायचा ते दिसायचं. तुम्हीही तसं लिहा. मोठं अक्षर, कागदाच्या एकाच बाजूला, एका ओळीत एका दमात म्हणता येईल तेवढंच:

मुक्कामाच्या गावात
गाडी वळवायला जागा नाही.
देवळापासून मागं घ्यावी लागते.
एका अंगाला ओढा.

बघा, वाचतानाच थांबत थांबत वाचलं जातं. पानांना नंबर घाला. स्टेपल करू नका, सुटी ठेवा, म्हणजे एकेक पान बाजूला सरकवता येतं. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन माइक एकदा हातात घेऊन बघा. गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, “माफ करा” म्हणू नका. सभागृह तुमच्यासाठी थांबेल.

शेवटच्या वाक्याचं बोलते आणि संपवते. प्रिंटमध्ये शेवट आहे, “त्यांचे उर्वरित आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.” तुमच्या वहीत चौदाव्या पानावर, अगदी तळाला, तुम्हीच लिहून तुम्हीच खोडलेली एक ओळ आहे. दोन आडव्या रेघा मारल्यात, तरी फोटोत वाचता येते. “अण्णा, एक तारखेला गाडी मागं घेताना नवा डायवर आरशात बघंल. मी शिट्टी मारीन, पर ती तुमचीच आसंल.”

ती ओळ परत घ्या. तिच्या आधी शिट्टीचा प्रसंग ठेवा, म्हणजे तोपर्यंत ‘शिट्टी’ म्हटलं की काय ते सगळ्यांना कळलेलं असेल. भाच्याने सुचवल्याप्रमाणे व्यासपीठावर खरी शिट्टी वाजवू नका, ती खिशात राहू द्या. ते वाक्य श्रोत्यांकडे बघून म्हणू नका. कागद खाली ठेवा, अण्णांकडे वळा, त्यांच्याकडे बघून म्हणा आणि जागेवर जाऊन बसा. दहातली दोन मिनिटं उरली तर ती अण्णांच्या उत्तराला देऊन टाका.